पाण्याची इंजेक्शनं

१

आता धोका टळला असं सगळ्यांना वाटू लागलं होतं, तेव्हाच रेवा गेली.

घशाची सूज उतरली होती. आदल्या संध्याकाळी तिनं मऊ भात मागून खाल्ला होता. बारामतीच्या दवाखान्यात तिची आई स्वरूपा कॉटवर बसून तिचे केस विंचरत होती, आणि विंचरता विंचरताच पोरीची मान आईच्या तळव्यात कलली. डॉक्टर धावले, छाती दाबून पाहिली. उपयोग झाला नाही. घटसर्पाचं विष घशातून केव्हाच हृदयापर्यंत पोचलं होतं. रेवाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

चिंचदरा हे बारामती आणि इंदापूरच्या मधलं, नीरेकाठचं गाव. पोरीला मूठमाती देऊन माणसं परतली ती घरी गेलीच नाहीत. थेट आरोग्य केंद्रावर आली. सिस्टर कौसल्या लसीकरणाच्या खोलीत होती. कुणीतरी बाहेरून कडी घातली.

डॉ. मेहजबीन बागवान इंदापूरहून पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. साथीच्या आजारांचा तपास हे तिचं काम. पन्नाशीला आलेली, हळू बोलणारी बाई. समोरचा गप्प झाला की तीही गप्प बसायची, आणि माणूस मग आपणहून बोलायला लागायचा.

पायरीवर हिंदुराव बसले होते. रेवाचे आजोबा, गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. गाव त्यांना तात्या म्हणे.

"मॅडम," ते म्हणाले, "नातीच्या कार्डावर सगळ्या लसी झाल्याच्या खुणा हायेत. पेंटाचे तिन्ही डोस. पेंटात घटसर्पाची लस असती, हे मला बी कळतं. मग घटसर्प झालाच कसा?"

मेहजबीननं त्यांच्या हातातलं कार्ड घेऊन उलटून पाहिलं.

"मी सांगतो. ह्या बाईनं पाण्याची इंजेक्शनं दिली. न्हायतर त्या गाडीवाल्या परवेजनं लशीचं खोकं उन्हात ठिवून लस नासवली. दोघांतलं एक. आमी ह्या गावानं लशीसाठी काय केलं न्हाय? दोन उन्हाळ्यांमागं वादळात खांब पडलं, लाइट गेली, तवा सगळा साठा मी डेअरीत गार ठिवून वाचवला. तालुक्याच्या आरोग्य साहेबांनी सत्कार केला माझा. आन् माझीच नात..."

त्यांनी तोंड फिरवलं. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "आता ह्या गावात एक बी सुई टोचायची न्हाय. सांगून ठिवते."

मेहजबीनला त्या वाक्याची भीती वाटली. घटसर्प शिरलेल्या गावानं लशीला दार लावलं, तर पुढं काय होतं ते तिनं पाहिलेलं होतं.

ती कडी काढायला पुढं झाली, तेवढ्यात फाटकातून एक बाई अनवाणी आत आली. कडेवर पोर होतं. पोराचा श्वास अंगणभर ऐकू येत होता.

ती परवेजची बायको होती, समिना.

२

"तोंड उघड, बाळा."

सुफियान रेवाच्याच वयाचा. ताप फारसा नव्हता, पण मान दोन्ही बाजूंनी सुजून जबड्याच्या रेषेत मिसळली होती आणि तोंडाला कुजकट वास येत होता. मेहजबीननं चमच्यानं जीभ दाबली. टॉन्सिलवर करडा-पांढरा पडदा चिकटला होता, थेट पडजिभेपर्यंत. साधा पू असता तर कापसानं पुसून निघाला असता. हा जागचा हलला नाही आणि त्याच्या कडेला रक्त आलं.

"कधीपासून?"

"परवापासनं गिळंना. युवराज डॉक्टर टॉन्सिल म्हणाले. रेवाला बी तेच म्हणाले व्हते."

मेहजबीननं तिथूनच बारामतीला फोन लावला. अँटिटॉक्सिन, म्हणजे घटसर्पाच्या विषावरचा उतारा, तिथं नव्हता. इंदापुरात नव्हता. पुण्यात होता, पण मोजकाच, आणि तो इथं यायला वेळ लागणार होता. हे औषध रक्तात फिरणारं विष मारतं. हृदयाला चिकटलेलं विष त्याला सोडवता येत नाही. जाणारा प्रत्येक तास पोराच्या आयुष्यातून वजा होत होता.

लस आणणारी गाडी चालवायचा तो परवेज धावत आला. त्याचा गाल लाल होता. सकाळी स्मशानातून परतताना हिंदुरावांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. त्यानं पोराला उचललं आणि कुणाकडं न बघता तो रुग्णवाहिकेत चढला.

समिनानं जाताना पिशवीतून सुफियानचं कार्ड काढून मेहजबीनच्या हातात दिलं.

"बघा मॅडम. एक बी डोस चुकवला न्हाय आमी."

गावात आणखी दोन पोरांचे घसे तसेच निघाले. दोन्ही सुफियानच्या आगेमागे जन्मलेली. दोघांचेही तिन्ही डोस झालेले. त्यांनाही बारामतीला धाडलं.

रेवा धरून चौघंही एकाच हंगामात जन्मलेली. त्यांच्याहून मोठी भावंडं त्यांच्याच ताटात जेवत होती, आणि ती ठणठणीत होती.

३

युवराज डॉक्टरांचा दवाखाना वेशीजवळ होता. तरुण माणूस, मेहजबीनला बघून उभा राहिला आणि उभाच राहिला.

"जीभ दाबून घसा बघितला होता का?" तिनं विचारलं.

"पोरगी रडत होती. आजोबा घाई करत होते. मी... लाल दिसला एवढं बघितलं." तो खुर्चीच्या पाठीला धरून होता. "कॉलेज सोडल्यापासून घटसर्प पाहिलाच नव्हता, मॅडम. लस सगळ्यांना असते. मग तो असेल असं डोक्यातच येत नाही."

"साथ बघितली आहे इथं कधी?"

"गोवराची. मागच्या गळिताच्या हंगामात. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत आला होता, बरीच पोरं आजारी पडली. त्यांची पोरं आणि गावची पोरं एकाच अंगणवाडीच्या मैदानात खेळायची, मला वाटलं गावातही पसरणार. पण गावातल्या एकाही पोराला झाला नाही."

मेहजबीन दारात थांबली. "एकालाही नाही?"

"नाही. लहानग्यांनाही नाही."

त्या वेळी तिला त्यात एवढंच दिसलं, की या गावात कुणीतरी लस नीट दिली होती. मग पाण्याची इंजेक्शनं देणारी बाई तीच कशी असेल?

कौसल्याला गावकऱ्यांनी अजून घरी जाऊ दिलं नव्हतं. ती लशीच्या फ्रीजला टेकून जमिनीवर बसली होती.

"मी पाणी दिलं न्हाय, मॅडम. बारा वरसं ह्या गावातल्या पोरांना मी टोचतेय. रेवाला पहिली सुई मीच दिली. तिला मांडीवर घेऊन तात्याच बसले होते."

"दोन उन्हाळ्यांमागं वादळ झालं, तेव्हा साठा कुणाच्या ताब्यात होता?"

"मी गावात नव्हते. आई नरसिंहपूरला पडली होती, पाय मोडला होता तिचा. मी परत आले तवा लाइट आली होती, फ्रीज चालू होता, बाटल्या गार होत्या. पावसाळ्याच्या आधीचा जादा साठा होता तो, पाऊस लागेपर्यंत पुरला." तिनं वर पाहिलं. "गार होत्या बाटल्या. मी हात लावून बघितला होता."

मेहजबीननं ते पोरांच्या जन्माशी ताडून पाहिलं. आजारी चौघांचे तिन्ही डोस त्याच उन्हाळ्यातले होते. त्याच साठ्यातले.

बाहेर कुणीतरी खिडकीवर दगड मारला. काच कौसल्याच्या केसांत पडली. ती हललीही नाही.

४

स्वरूपा घरातल्या आतल्या खोलीत बसली होती. मांडीवर रेवाच्या पाठचं बाळ होतं, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं. त्याला अजून पेंटाची एकही सुई लागलेली नव्हती.

"ह्याला लस द्यायला हवी," मेहजबीन म्हणाली. "आणि घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायला हव्यात. रेवाच्या सहवासात होता तुम्ही सगळे."

"मामंजी न्हाय म्हणत्यात."

"तुम्ही काय म्हणता?"

स्वरूपा मांडीवरच्या बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. 

"रेवाची दीड वर्षाची सुई मीच चुकवली," ती शेवटी म्हणाली. "मामंजींना म्हाईत न्हाय. आधीच्या सुयांना तिची मांडी लई सुजायची. गाठ यायची, लिंबाएवढी, घट्ट. म्हैना म्हैना जायची न्हाय. समिनाच्या पोराला बी तसंच. आमी बायका एकमेकींना म्हणलो, आता नको. मोठ्या पोराच्या येळंला आसं कधी झालं नव्हतं."

मेहजबीननं तिच्या हातावर हात ठेवला. साध्या पाण्यानं गाठ येत नाही. सुईतून गेलं होतं ते लशीचंच औषध होतं. कौसल्यानं चोरी केली नव्हती.

पण ते औषध गाठ उठवत होतं आणि पोराला वाचवत नव्हतं. त्याचं काहीतरी बिघडलं होतं.

मग उरला परवेज.

तो बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या दारापाशी उभा होता. आत सुफियानच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. पुण्याहून औषध निघालं होतं, पोचलं नव्हतं.

"त्या वादळात काय झालं, परवेज? खरं सांग. तुझ्या पोराच्या उपचाराला त्याची गरज आहे असं समज."

"साहेबांनी सांगितलं, साठा इंदापूरला पोचव. मी खोकं घेऊन निघालो. वाटंत झाडं पडली हुती. फुडं जाता येईना, मागं बी जाता येईना. आख्खी दुपार गाडी उन्हात हुती, मॅडम." त्यानं काचेतून आत पाहिलं. "सांच्याला कसाबसा माघारी आलो. तात्या म्हणाले, आण डेअरीत, जनरेटर हाय. मी त्यांना उन्हाचं सांगितलं न्हाय. कुणालाच सांगितलं न्हाय."

तो भिंतीपाशी खाली बसला.

"मी लस शिजवली. तात्यांची नात मी मारली. आन् आता माझं पोरगं..."

त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं.  गाव म्हणत होतं तेच खरं ठरत होतं.

५

इंदापूरच्या वाटेवर, उसाच्या ट्रॉल्यांमागं जीप अडकली असताना, तिला युवराजचं बोलणं आठवलं. एकालाही नाही.

तिनं ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

गोवराची लस सगळ्यात नाजूक. उष्णता तिला पहिल्यांदा मारते. पेंटा त्या मानानं चिवट, थोडी ऊब सहन करते. परवेजच्या खोक्यात दोन्ही होत्या, एकाच दुपारी, एकाच उन्हात. उन्हानं लस नासली असती तर गोवराची आधी गेली असती. आणि त्या उन्हाळ्यात ज्यांना गोवराची सुई मिळाली, त्या पोरांनी पुढच्या हंगामात कोप्यांतल्या आजारी पोरांबरोबर एकाच मैदानात धूळ उडवली, आणि एकालाही गोवर झाला नाही.

खोक्यातल्या बर्फाच्या पिशव्यांनी त्या दुपारी आपलं काम केलं होतं. परवेजनं काहीच शिजवलं नव्हतं.

मग असं काय आहे, जे गोवराची लस सहन करते आणि पेंटा करत नाही?

गोवराची लस म्हणजे कोरडी पूड, टोचताना पाण्यात मिसळतात. ती गोठली तरी तिचं काही बिघडत नाही. पेंटा पातळ असते. गोठली की तिच्यातलं औषध फुटून गोळे होतात. पुन्हा वितळली तर बाटली दिसते तशीच, हाताला लागते गार. पण तिच्यात घटसर्पाशी लढण्याची ताकद उरत नाही. आणि ते गोळे मांडीत गाठी उठवतात.

ऊन नव्हे, थंडी.

हिंदुरावांनी साठा डेअरीत ठेवला हे तिला आल्या आल्याच कळलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर दुधाचा मोठा कूलर होता, आणि त्यातली थंडी लशीला चालण्यासारखी असते, म्हणून ती पुढं गेली होती. पण दुधाचा कूलर म्हणजे दुधानं भरलेली टाकी. तिच्यात लशीचं खोकं कसं ठेवणार?

"गाडी वळवा," ती म्हणाली. "चिंचदऱ्याला."

६

डेअरीत हिंदुराव एकटे होते. भिंतीवर त्यांचा फोटो होता, शाल-श्रीफळ घेतानाचा.

"तात्या, वादळात लशीचं खोकं नेमकं कुठं ठेवलं होतं?"

त्यांनी कोपऱ्यातल्या लांब पांढऱ्या पेटीचं झाकण उचलून दाखवलं. आत कुल्फीचे साचे आणि लोण्याचे डबे होते. कडांना जाड बर्फ चढलेला होता.

"हितं. सगळ्यात गार जागा. कुल्फी बाहेर काढून फेकली मी, लशीला जागा केली. लाइट येस्तवर जनरेटर बंद पडू दिला न्हाय. सोताचं डिझेल जाळलं."

"बाटल्या काढल्या तेव्हा कशा होत्या?"

"दगडासारख्या. एकदम पक्क्या." ते म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबले.

मेहजबीननं त्यांना सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न वगळता. गाठी का आल्या, गोवर का आला नाही, नेमकी तीच चार पोरं का. बोलताना तिला वाटलं, इथं थांबावं, लाइट गेल्यामुळं साठा बिघडला असं मोघम म्हणून निघून जावं. पण मग गावानं कौसल्याला आणि परवेजला सोडलं नसतं, आणि दारं उघडली नसती.

हिंदुराव पेटीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते.

"रेवाची सुई... त्यातलीच?"

"होय. तिन्ही."

"मी तिला मांडीवर धरली होती."

"तात्या, लस गोठू द्यायची नसते हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते आमचं काम होतं. ज्या साहेबांनी शाल दिली त्यांनीही विचारलं नाही, की ठेवली कुठं. ते मी लिहिणार आहे." ती क्षणभर थांबली. "पण माझ्या लिहिण्यानं आज दारं उघडणार नाहीत. त्या साठ्यातली सुई घेतलेली बरीच पोरं या गावात आहेत, आणि त्यांना आत्ता या घडीला कसलंही संरक्षण नाही. माझं गाव ऐकत नाही. तुमचं ऐकतं."

"माज्या तोंडानं सांगू म्हणता? सुनंच्या म्होरं?"

"होय."

त्यांनी पेटीचं झाकण खाली केलं. त्यांना ते नीट लावता येईना.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात गाव जमलं. एका बाजूला टेबल मांडलं होतं, नव्या लशीचं खोकं होतं, आणि टेबलामागं कौसल्या. तिच्या पुढ्यात कुणी नव्हतं.

हिंदुरावांनी माईक घेतला.

"कौसल्या सिस्टरनं पाणी दिलं न्हाय," ते म्हणाले. "परवेजनं लस नासवली न्हाय. लस माज्या पेटीत गोठली. मी ठिवली व्हती. शानपणा केला. गार म्हंजे चांगलं, असं वाटलं मला. त्या लशीत जीव उरला न्हाय, आन् तीच आपल्या पोरांना टोचली. माज्या रेवाला बी."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग मागून एक जण म्हणाला, "तात्या दुःखात हायेत. कायबी बोलत्यात. खाली घ्या त्यांना."

"मी शुद्धीत हाय. ज्यांच्या पोरांना त्या उन्हाळ्यात सुया झाल्या त्यांना पुन्यांदा घ्याव्या लागतील. आजच. सुईनं माझी नात गेली न्हाय. सुई खरी असती तर ती आज असती."

बायकांच्या घोळक्यातून स्वरूपा उठली. कडेवर तान्हं बाळ होतं. ती सरळ चालत आली. टेबलाकडं जायच्या वाटेवरच हिंदुराव उभे होते. ते काहीतरी बोलायला गेले.

"मामंजी, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला पलीकडं जायाचंय."

ते बाजूला झाले.

तिनं बाळाच्या मांडीवरचं कापड सारलं. कौसल्यानं सिरिंज खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही द्या," ती मेहजबीनला म्हणाली. "माझ्यानं होणार न्हाय."

"न्हाय," स्वरूपा म्हणाली. "तुमीच द्या."

सुई गेली. बाळ रडलं. स्वरूपानं त्याला छातीशी घट्ट धरलं, आणि रेवा गेल्यापासून पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर रडली. काल सुई टोचायची नाही म्हणालेली म्हातारी तिच्याजवळ आली, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग आपल्या सुनेला म्हणाली, "आण पोराला."

रांग लांबत गेली तसा मेहजबीनचा फोन वाजला. परवेज होता. औषध पोचलं होतं, सुफियानला आणि त्या दोन पोरांनाही दिलं होतं. सुफियानचा श्वास थोडा मोकळा झाला होता. हृदयाचं मात्र कुणी काही सांगत नव्हतं. पुढचे बरेच दिवस भीतीचे होते.

"परवेज, लस उन्हानं नासली नव्हती," ती म्हणाली. "तुझ्यामुळं काही झालेलं नाही. ऐकतोयस ना?"

पलीकडं तो समिनाला हाका मारू लागला.  तिनं फोन तसाच कानाशी धरून ठेवला.

दुपारी ती बारामतीला निघाली तेव्हा हिंदुराव जीपपाशी येऊन उभे राहिले.

"मला न्या."

"परवेज तुम्हाला आत येऊ देईल असं वाटत नाही, तात्या."

"न्हाय दिलं तर भाईर बसंन," ते म्हणाले, आणि पुढची जागा मोकळी असूनही मागच्या बाकावर चढले.